सनबर्स्ट कमानीतील बारा ठिपके

प्रकाशाची तरंगलांबी 91.2 नॅनोमीटरपेक्षा कमी झाली की त्याच्या एकेका फोटॉनमध्ये 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जा असते, आणि तेवढी ऊर्जा हायड्रोजनच्या अणूतून त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन उपटून बाहेर फेकायला पुरेशी ठरते. विश्वातील साध्या द्रव्यात सर्वाधिक हायड्रोजनच असल्यामुळे अशा अतिनील प्रकाशाला विश्वात कुठेही सुखाने प्रवास करता येत नाही, कारण वाटेत अणू भेटला की तो फोटॉनला गिळून टाकतो. तरीही कधीकाळी हाच प्रकाश ताऱ्यांपासून निघून आपापल्या दीर्घिकांच्या बाहेर पडला आणि त्याने दीर्घिकांच्या मधल्या अफाट पोकळीतील जवळजवळ सगळ्या हायड्रोजनचे आयनीकरण केले, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन वेगळे केले. तो बाहेर पडला कसा, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या वाचनाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे आजवरचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका गुरुत्वीय भिंगातून दिसणाऱ्या दीर्घिकेने दिले आहे, असे माझे मत असून ते तसे का आहे, हे या लेखात मांडायचे आहे.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला अतिनील किरणांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठाने दहा मिनिटे चालले तरी हातांची कातडी भाजून निघते. पण हे भाजणारे किरण साधारण 300 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले असतात. त्याहून कमी तरंगलांबीचे किरण वरचा ओझोनचा थर आणि हवेतला ऑक्सिजन अडवून धरतात, आणि 91 नॅनोमीटरच्या आसपासचा तर एकही किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय सूर्यासारखा तारा असा प्रकाश फारच थोडा देतो. तो मुबलक हवा असेल तर पृष्ठभागाचे तापमान 30,000 अंशांच्या वर असलेले, सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाचे निळे तारे लागतात, आणि असे तारे जन्मल्यापासून अवघ्या काही दशलक्ष वर्षांत संपून जातात. हे अल्पायुष्य पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

आधी अडथळा किती मोठा आहे ते पाहू. एक चौरस सेंटिमीटर छेदाचा एक लांबच लांब स्तंभ ताऱ्यापासून आपल्यापर्यंत उभारला आहे आणि त्यात एकूण 1,600 कोटी कोटी उदासीन, म्हणजे आपला इलेक्ट्रॉन न गमावलेले हायड्रोजन अणू आहेत, अशी कल्पना करावी. आकडा प्रचंड वाटतो, पण आपल्या नेहमीच्या हवेचा जेमतेम 0.06 मिलिमीटर जाडीचा थर घेतला तर त्याच्या एक चौरस सेंटिमीटरमध्ये एवढेच रेणू भरतील. अवकाशात कितीही अंतरावर पसरलेला असो, एवढासा हायड्रोजन 91.2 नॅनोमीटरच्या प्रकाशाचा दोनतृतीयांश भाग खाऊन टाकतो. दीर्घिकांमधील ज्या वायूच्या ढगांमध्ये तारे जन्माला येतात, त्यांच्यातून बाहेर येणाऱ्या वाटेवर याच्या हजारो पट हायड्रोजन सहज असतो. म्हणजे साधा हिशेब केला तर एकही फोटॉन सुटता कामा नये.

आणि तरीही ते सुटले, याचा पुरावा साऱ्या आकाशभर आहे. महास्फोटानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी विश्व इतके निवले की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन उदासीन हायड्रोजन तयार झाला. त्यानंतरचा प्रदीर्घ काळ विश्वात एकही तारा नव्हता. पुढे पहिले तारे आणि पहिल्या दीर्घिका उजळल्या आणि साधारण पहिल्या अब्ज वर्षांच्या अखेरीपर्यंत दीर्घिकांमधल्या अवकाशातील हायड्रोजन पुन्हा आयनीकृत होऊन गेला. जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी 1965 साली दाखवून दिले होते की या अवकाशात उदासीन हायड्रोजनचा अगदी नगण्य अंश जरी शिल्लक असता, तरी दूरच्या क्वेसारच्या, म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या वर्णपटात एक विशिष्ट पट्टा पूर्णपणे काळा दिसला असता. जवळच्या क्वेसारमध्ये तो तसा दिसत नाही. फार दूरच्या, म्हणजे ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप; ते जितके मोठे तितकी वस्तू दूरची) 6 च्या पुढच्या क्वेसारमध्ये तो 2001 साली सापडला. याचा अर्थ असा की त्या सुमारास आयनीकरणाचे शेवटचे टप्पे चालू होते. हे काम दीर्घिकांमधील ताऱ्यांनी केले असेल, तर त्यांच्या आयनीकारक प्रकाशापैकी ढोबळमानाने दहा ते वीस टक्के प्रकाश दीर्घिकेबाहेर पडायला हवा, असे गणित सांगते. आपल्या आसपासच्या बहुतेक दीर्घिकांकडे पाहिले तर त्यातला दहावा हिस्साही बाहेर पडताना आढळत नाही. ही तफावत कुणीही झटकून टाकू नये अशी आहे.

सुटकेचे मार्ग तत्त्वतः दोनच आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचे यंत्रमाग आहेत. तिथे मागावरून उतरलेला कपडा तपासताना तो ट्यूबलाइटसमोर धरतात. विरळ विणीचे कापड धरले तर प्रकाश सगळीकडून सारखाच झिरपतो. जाड जेकार्डची चादर धरली तर काहीच दिसत नाही, मात्र विणताना एखाद्या ठिकाणी धागे तुटून गेले असतील तर तेवढ्या एका भोकातून लख्ख प्रकाश येतो. दीर्घिकेच्या बाबतीतही हेच दोन पर्याय संभवतात. एकतर ताऱ्यांभोवतीचा सगळा वायूच इतका कमी किंवा इतका आयनीकृत झालेला असेल की प्रकाश चहूबाजूंनी थोडाथोडा पाझरेल. किंवा मग वायू दाटच असेल, पण त्यात एखादी आरपार मोकळी वाट असेल आणि त्या वाटेच्या रोखाने बसलेल्या निरीक्षकालाच प्रकाश दिसेल. दोन्ही प्रकारांत दूरच्या दुर्बिणीला मिळणारा एकूण आकडा सारखा येऊ शकतो. म्हणूनच केवळ किती टक्के प्रकाश सुटला एवढे मोजून कार्यकारणभाव कळत नाही. प्रकाश दीर्घिकेच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून आला, हे पाहावे लागते, आणि तिथेच आपल्या दुर्बिणी अपुऱ्या पडतात, कारण अकरा अब्ज प्रकाशवर्षांवरची लहानशी दीर्घिका हबल दुर्बिणीलाही एक पुसट डाग म्हणूनच दिसते.

इथे निसर्ग मदतीला येतो. वस्तुमानामुळे प्रकाशाची वाट वाकते, हे 29 मे 1919 च्या सूर्यग्रहणात मोजले गेले. सूर्याच्या कडेला हा कोन अवघा 1.75 विकला आहे (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). आइनस्टाइनने 1936 साली एका ताऱ्याने दुसऱ्या ताऱ्याच्या प्रकाशावर भिंगासारखे काम केले तर काय दिसेल, याचे गणित प्रसिद्ध केले, पण ते प्रत्यक्ष पाहायला मिळेल अशी आशा नाही, असेही लिहिले. फ्रिट्झ झ्विकी यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले की ताऱ्यांऐवजी दीर्घिकांचा विचार केला तर ही आशा मुळीच फोल नाही. पहिले गुरुत्वीय भिंग सापडायला मात्र 1979 साल उजाडावे लागले, आणि दीर्घिकासमूहांनी ताणून लांब केलेल्या कमानी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखल्या गेल्या.

या भिंगाचे दोन गुण आपल्या प्रश्नासाठी फार मोलाचे आहेत. पहिला असा की ते सर्व तरंगलांबींना सारखेच वाकवते. काचेच्या भिंगात निळा आणि तांबडा रंग वेगवेगळे वाकतात, गुरुत्वाच्या भिंगात अतिनीलपासून रेडिओपर्यंत सगळ्यांची वाट एकच असते, त्यामुळे एका रंगात काढलेला नकाशा दुसऱ्या रंगातील चित्रावर जसाच्या तसा बसवता येतो. दुसरा गुण असा की ते प्रतिमेचे क्षेत्रफळ वाढवते, पण तिच्या एकेका तुकड्याची तेजस्विता तीच राहते. म्हणजे एकूण प्रकाशही जास्त मिळतो आणि बारकावेही सुटे दिसतात. सामान्यपणे एका पिक्सेलमध्ये गडप होणारा भाग भिंगामुळे कित्येक पिक्सेलांवर पसरतो.

आता त्या दीर्घिकेकडे वळू. प्लँक या अवकाशयानाने सूक्ष्मतरंगांच्या नकाशात शोधलेल्या दीर्घिकासमूहांपैकी एक समूह दक्षिण खगोलात एपस नावाच्या तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे 4.6 अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या पाठीमागे, प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला जवळपास 11 अब्ज वर्षे लागतील एवढ्या अंतरावर एक तरुण, जोमाने तारे घडवणारी दीर्घिका आहे. हाकोन डाहले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली तिच्या अतिशय तेजस्वी कमानीची माहिती प्रसिद्ध केली. पुढे तिला सनबर्स्ट आर्क, म्हणजे सनबर्स्ट कमान हे नाव मिळाले. हा दीर्घिकासमूह भिंग म्हणून काम करतो आणि त्या एका दीर्घिकेला चार कमानींमध्ये ओढून ताणून आपल्यासमोर मांडतो. त्यातली चौथी कमान आपल्याच आकाशगंगेतील एका झगझगीत ताऱ्याच्या प्रभेत काहीशी झाकोळली जाते.

ही कमान सोलापुरातून कधीच दिसत नाही, आणि यात दुर्बिणीच्या आकाराचा काही संबंध नाही. आपले शहर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून दक्षिणेकडे सुमारे उणे 72 अंश क्रांतीपर्यंतचेच (क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश) आकाश आपल्या क्षितिजावर येते. सनबर्स्ट कमान उणे 78 अंशांवर आहे. नान्नजच्या माळरानावर, जिथे दक्षिण क्षितिज खऱ्या अर्थाने मोकळे मिळते, तिथे उभे राहिले तरी ती आपल्या पायांखालच्या पृथ्वीआडच राहते. मला याची थोडी खंत वाटते, हे लपवत नाही. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नसले तरी त्या दिशेकडे बोट दाखवता येणे मला आवडले असते.

पहिली चाहूल वर्णपटातून लागली. हायड्रोजनचा लायमन आल्फा नावाचा एक प्रकाश असतो, तरंगलांबी 121.6 नॅनोमीटर. तो आयनीकरण करत नाही, पण उदासीन हायड्रोजनचा अणू त्याला शोषून लगेच दुसऱ्याच दिशेला परत सोडतो. त्यामुळे दाट वायूत अडकलेला लायमन आल्फाचा फोटॉन ढगात हजारो वेळा टोलवला जातो, आणि अखेर त्याची तरंगलांबी मूळ मूल्यापासून थोडी सरकली की मगच त्याला बाहेर पडता येते. म्हणून दाट वायू असलेल्या दीर्घिकेच्या वर्णपटात मूळ तरंगलांबीच्या जागी खड्डा आणि त्याच्या दोन्ही अंगांना किंवा एका अंगाला उंचवटा दिसतो. एमिल रिवेरा-थोरसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली चिलीतील मॅगेलन दुर्बिणीने घेतलेला सनबर्स्टचा वर्णपट प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात तीन उंचवटे होते: दोन नेहमीचे आणि तिसरा बरोबर मधोमध, जिथे एरवी खड्डा असायला हवा. मधला उंचवटा ज्या फोटॉनांचा आहे, त्यांना वाटेत एकही अणू आडवा आलेला नाही. बाजूचे दोन उंचवटे मात्र सांगतात की आजूबाजूला दाट वायू आहेच. जाड चादर आणि तिच्यातले भोक, या दोन्ही गोष्टी एकाच आलेखात एवढ्या स्वच्छ दिसाव्यात, ही मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. वायूतील मोकळ्या वाटेचे असे तीन उंचवटे दिसतील, हे सैद्धांतिक गणिताने थोडे आधीच वर्तवून ठेवले होते.

तरीही हा अप्रत्यक्ष पुरावा झाला. लायमन आल्फा ज्या वाटेने सरळ येतो, त्या वाटेने आयनीकारक प्रकाशही यायलाच हवा. तो प्रत्यक्ष पाहायचा तर कुठे पाहायचा, याचा हिशेब वहीच्या एका ओळीत मावतो. सनबर्स्टची ताम्रसृती 2.37 आहे, म्हणजे तिथून निघालेल्या प्रत्येक प्रकाशाची तरंगलांबी वाटेत 3.37 पट ताणली जाते. 91.2 ला 3.37 ने गुणले की सुमारे 307 नॅनोमीटर येतात. म्हणजे आपल्याकडे पोहोचताना जो प्रकाश 307 पेक्षा कमी तरंगलांबीचा असेल, तो निघताना नक्कीच आयनीकारक होता. हबल दुर्बिणीवरील कॅमेऱ्याला 275 नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडणारी एक गाळणी आहे. 275 ला 3.37 ने भागले तर जवळजवळ 82 नॅनोमीटर येतात. त्या गाळणीतून सनबर्स्टचे चित्र घेतले आणि त्यात काही दिसले, तर ते सुटून आलेल्या आयनीकारक प्रकाशानेच दिसले असणार. जमिनीवरून हे शक्य नव्हते, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे एवढ्या तरंगलांबीला आपला ओझोनचा थर वाट देत नाही.

ते चित्र घेतले गेले आणि रिवेरा-थोरसेन यांच्या गटाचा शोधनिबंध 2019 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. दृश्य प्रकाशात लांबलचक, गाठीगाठींची दिसणारी कमान या गाळणीतून पाहिली तर जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. उरतात ते काही सुटे, टोकदार ठिपके, निदान बारा. हे बारा ठिपके म्हणजे त्या दीर्घिकेतील एकाच छोट्या प्रदेशाच्या बारा प्रतिमा आहेत. दीर्घिकेत तारे घडवणारे इतरही प्रदेश आहेत आणि दृश्य प्रकाशात ते चांगले तेजस्वी आहेत, पण 275 नॅनोमीटरमध्ये त्यांच्या जागी अंधार आहे. अख्ख्या दीर्घिकेत एकच जागा अशी आहे जिथून आयनीकारक प्रकाश आपल्या दिशेने निसटतो.

माझी भाची इथल्याच एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकते. ही दोन्ही चित्रे मी तिला सारख्याच आकारात छापून दाखवली, तेव्हा तिने पहिल्याच झटक्यात नेमकी शंका काढली. “पण मामा, हे ठिपके मधल्या अंतरावरच्या भलत्याच एखाद्या दीर्घिकेचे असतील तर? जवळची दीर्घिका असेल तर तिचा साधा अतिनील प्रकाशसुद्धा याच गाळणीतून दिसेल ना?” या क्षेत्रातल्या संशोधकांना वर्षानुवर्षे छळणारी शंका हीच आहे. दूरच्या दीर्घिकेवर अगदी रेषेत एखादी फिकट, जवळची दीर्घिका आलेली असते, तिचा साधा प्रकाश दूरच्या दीर्घिकेचा आयनीकारक प्रकाश समजला जातो, आणि अशा रीतीने मोठ्या कष्टाने जमवलेल्या उमेदवारांच्या यादीतून अनेक नावे नंतर खोडावी लागलेली आहेत. एकच ठिपका असता तर ही शंका पूर्णपणे फिटणे फार कठीण होते.

मी तिला पट्टी आणि पेन्सिल दिली आणि दृश्य प्रकाशातल्या चित्रात त्याच गाठीच्या प्रतिमा कुठे कुठे येतात त्या खुणा करायला सांगितल्या, मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. अतिनील चित्रातले ठिपके त्या खुणांवर येऊन बसले. “मधली दीर्घिका असती,” मी म्हटले, “तर ती एका जागी दिसली असती. तीच दीर्घिका बाराही जागी, आणि तीसुद्धा भिंगाच्या गणिताने सांगितलेल्याच जागी, कशी येऊन बसेल?” ती थोडा वेळ कागद सरकवून पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे भिंगाने नुसते मोठे करून दाखवले नाही, साक्षही काढून दिली.” मला एवढ्या थोडक्यात ते सांगता आले नसते. गुरुत्वीय भिंगांविषयी लिहिताना बहुतेक जण त्यांनी वाढवलेल्या तेजाचे कौतुक करतात, आणि सनबर्स्टच्या निरनिराळ्या प्रतिमा खरोखरच दहा ते तीस पट उजळ झालेल्या आहेत. पण माझ्या दृष्टीने या भिंगाचे खरे देणे म्हणजे ही पुनरुक्ती होय. प्रयोगशाळेत आपण एकच माप पुन्हा पुन्हा घेऊन खात्री करतो. खगोलशास्त्रात दूरच्या दीर्घिकेला वेगळ्या कोनातून पाहण्याची मुभा कुणालाच नसते. इथे अवकाशानेच ते माप बारा वेळा घेऊन ठेवले होते.

पुनरुक्तीचा आणखी एक लाभ आहे. बाराही प्रतिमा एकाच प्रदेशाच्या असल्या तरी त्यांचे किरण तिथून किंचित वेगवेगळ्या कोनांनी निघतात आणि भिंगापाशी येईपर्यंत एकमेकांपासून हळूहळू दूर होत जातात. वाटेत दीर्घिकांमधल्या अवकाशात उदासीन हायड्रोजनचे विरळ ढग असतात. मूळ उगम एकच असूनही एखाद्या प्रतिमेत आयनीकारक प्रकाशाचे प्रमाण कमी आणि दुसरीत जास्त आढळले, तर तो फरक वाटेतल्या या ढगांमुळे असू शकतो. उगमाजवळ किरणांमधले अंतर अगदी थोडे असल्यामुळे दीर्घिकांमधल्या वायूची रचना काहीशे पार्सेक, कदाचित दहा पार्सेकहूनही लहान प्रमाणावर चाचपता येते. एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षे. अब्जावधी प्रकाशवर्षांच्या प्रवासात तीसबत्तीस प्रकाशवर्षांचा तपशील हाती लागावा, हे साध्या दुर्बिणीला कधीही साधणारे नव्हते.

मग हा एकच प्रदेश आहे तरी काय? हबलला या भिंगामुळे सुमारे 520 प्रकाशवर्षे रुंदीपर्यंतची रचना सुटी दिसते, आणि अतिताणलेल्या प्रतिमांच्या अभ्यासातून तो प्रदेश त्याहूनही पुष्कळ लहान, काही पार्सेक त्रिज्येचा एक घट्ट तारकागुच्छ असल्याचे दिसून आले आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक कोटी पट आणि वय साधारण 30 लाख वर्षे असावे, असे अंदाज आहेत. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात या गुच्छात वुल्फ-रायेत प्रकारच्या ताऱ्यांच्या खुणा सापडल्या आहेत. हे तारे म्हणजे अतिशय वजनदार ताऱ्यांची अखेरची अवस्था. त्यांचे बाहेरचे थर प्रचंड वेगाच्या ताऱ्यीय वाऱ्यांतून उडून जात असतात.

हे वय मला फार अर्थपूर्ण वाटते. मोठे तारे ज्या ढगात जन्मतात, तो ढगच त्यांचा पहिला तुरुंग असतो. त्यांच्या स्फोटांनी तो ढग उडवला जाईल हे खरे, पण स्फोट सुरू होण्याच्या आसपासच सर्वांत जास्त आयनीकारक प्रकाश देणारे तारे संपायला लागतात. वाट उघडायला उशीर झाला तर ती उघडून उपयोग नाही, कारण तिच्यातून जायला प्रकाशच उरलेला नसतो. म्हणजे सुटकेसाठी वायू बाजूला सारण्याचे काम तारे जिवंत असतानाच व्हायला हवे, आणि ते त्यांच्या प्रकाशाच्या दाबाने, वाऱ्यांनी आणि त्यांनी केलेल्या आयनीकरणानेच व्हायला हवे. इतके तारे इतक्या लहान जागेत एकवटलेले असतील तर हे लवकर जमू शकते. अवघ्या 30 लाख वर्षांच्या गुच्छाने दाट वायूत आरपार वाट पाडलेली प्रत्यक्ष दिसते, तेव्हा ही शक्यता केवळ कागदावरची राहत नाही. त्याच दीर्घिकेतील इतर प्रदेशांना ते का जमले नाही, की जमले असूनही त्यांच्या वाटा भलत्या दिशेला उघडल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत, हे मात्र एका दिशेतून पाहणाऱ्या आपल्याला सहज ठरवता येण्याजोगे नाही.

या विषयात आपल्या जवळच्या लोकांचे काम आहे, याचा मला अभिमान आहे. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावर यूव्हीआयटी नावाची दुर्बीण आहे. तिच्या आरशांचा व्यास जेमतेम 38 सेंटिमीटर. हबलचा आरसा 2.4 मीटरचा. तरीही पुण्याच्या आयुका संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने 2016 च्या ऑक्टोबरमध्ये या दुर्बिणीने 28 तासांहून अधिक काळ आकाशाचा एकच तुकडा टिपला, आणि बारकाईने केलेल्या विश्लेषणानंतर 2020 साली ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त एका दीर्घिकेचा शोध जाहीर केला. एयूडीएफएस-01 नावाची ही दीर्घिका 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवर आहे आणि तिच्यातून निसटलेला प्रकाश निघताना 60 नॅनोमीटरच्या आसपासचा होता, म्हणजे सनबर्स्टमध्ये पाहिलेल्या प्रकाशाहूनही तीव्र. एवढ्या अंतरावरच्या दीर्घिकेचा एवढा तीव्र प्रकाश ज्या दूर-अतिनील पट्ट्यात येऊन पोहोचतो, तिथे यूव्हीआयटीच्या संवेदकातला पार्श्वभूमीचा गोंगाट हबलपेक्षा खूपच कमी असल्यामुळे हे साधले.

आकाशाचा हा तुकडा मात्र सोलापुरातून दिसतो. तो फोर्नॅक्स तारकासमूहात आहे, आणि डिसेंबरच्या रात्री मृग नक्षत्राच्या नैर्ऋत्येला, दक्षिण क्षितिजापासून चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश वर येतो. होटगी रोडच्या बाजूला शहराचे दिवे मागे टाकले की तिथे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ रिकामे आकाश दिसते. ती दीर्घिका भिंगाखाली नाही, त्यामुळे तिच्यातला नेमका कोणता भाग प्रकाश सोडतो आहे, हे सनबर्स्टइतके स्पष्ट होत नाही. दोन्ही निरीक्षणे एकमेकांना पूरक आहेत: यूव्हीआयटीने सुटकेचा पल्ला अधिक तीव्र प्रकाशापर्यंत वाढवला, भिंगाने सुटकेची जागा दाखवली.

आता त्या दहा-वीस टक्क्यांच्या हिशेबाकडे पुन्हा पाहावे लागते. निसटणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण हा दीर्घिकेचा एक गुणधर्म आहे, जसे तिचे वस्तुमान किंवा तिची ताम्रसृती, अशा थाटात तो आकडा पुष्कळदा लिहिला जातो. सनबर्स्ट पाहिल्यानंतर मला हे लिहिणे पटत नाही. एका दीर्घिकेत एका गुच्छातून, एका दिशेने, काही लाख वर्षे टिकणाऱ्या वाटेने प्रकाश जात असेल, तर तिच्यासाठी एकच आकडा सांगणे म्हणजे कुठून पाहिले आणि केव्हा पाहिले हे दोन्ही विसरून जाणे होय. आपण ज्या दीर्घिकेला बंद समजतो ती दुसऱ्या दिशेने उघडी असेल, आणि जी उघडी दिसते ती इतर बहुतेक दिशांना बंद असेल. त्यामुळे एकेका दीर्घिकेच्या आकड्यावरून वाद घालण्यापेक्षा अशा गुच्छांची संख्या किती, त्यांच्या वाटा किती रुंद आणि त्या किती काळ उघड्या राहतात, हे मोजायला हवे. विश्वाचे आयनीकरण सरासरीने झाले आहे, आणि सरासरी काढायची तर एककही योग्य निवडले पाहिजे. मला ते एकक दीर्घिकेऐवजी तारकागुच्छ असावे असे वाटते.

हे मोजमाप ज्या काळासाठी खरे हवे आहे, त्या काळात ते थेट करता येत नाही, ही यातली मोठी अडचण. ताम्रसृती 6 च्या पलीकडे दीर्घिकांमधल्या अवकाशातच इतका उदासीन हायड्रोजन आहे की दीर्घिकेतून सुटलेला आयनीकारक प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच संपतो. वेब दुर्बीण तिथल्या दीर्घिकांचा बाकीचा प्रकाश टिपते, आणि त्या बाकीच्या प्रकाशातूनच आतल्या वाटा उघड्या आहेत की बंद, याचे अनुमान करावे लागते. कोणती खूण कशाची, हे शिकण्याची जागा म्हणजे सनबर्स्टसारख्या दीर्घिका, जिथे निसटलेला प्रकाशही दिसतो आणि त्याच गुच्छाच्या बाकीच्या खुणाही. त्या गुच्छाच्या वर्णपटातील वुल्फ-रायेत ताऱ्यांच्या रेषा, नायट्रोजनचे वाढलेले प्रमाण, लायमन आल्फाचा मधला उंचवटा, यांपैकी कोणती खूण वाट उघडी असतानाच दिसते आणि कोणती ती उघडी नसतानाही दिसते, हे ठरवायला भिंगाखालच्या अशा आणखी दीर्घिका लागतील. मोठ्या सर्वेक्षणांतून नव्या कमानींचे शोध सुरूच आहेत, आणि त्यांतली एखादी आपल्या अक्षांशावरून दिसणाऱ्या आकाशात निघाली तर तिच्या दिशेला बोट दाखवायला मी भाचीला नान्नजच्या माळावर घेऊन जाणार आहे.